चौकट, स्कर्टिंग, कॉर्निस: घरातल्या पट्ट्या ओळखा आणि योग्य क्रमाने बसवा

दुकानात मोल्डिंगच्या पट्ट्या आकाराप्रमाणे टांगलेल्या असतात, आणि बहुतेक घरांत निवडही आकार बघूनच होते. मग दिवाळीआधी बसवलेल्या पट्टीचा कोपरा मार्च-एप्रिलमध्ये उघडतो, स्कर्टिंगची खालची कड फुगते, चौकटीशेजारी रंगात केसासारखी चीर येते. यात सुताराचा हात वाईट असतोच असं नाही. पट्टी असते ती सांधा झाकायला. सांध्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वस्तू असतात आणि त्या सारख्या हलत नाहीत. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. विटांची भिंत जागची हलत नाही. पट्टी दोन्हींना जखडली की ताण कुठेतरी फुटणारच.

म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यात एकच गोष्ट फिरून येईल: पट्टी एका बाजूला पक्की करायची, दुसऱ्या बाजूला नुसती टेकवायची.

## १. कुठली पट्टी कुठला सांधा झाकते

कॉर्निस: भिंत आणि छत यांच्यामधला सांधा. पीओपी, जिप्सम, थर्माकोल, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लाकूड. नुसत्या अंतर्गोल आकाराच्या कॉर्निसला कोव्ह म्हणतात.

चौकटीची पट्टी (आर्किट्रेव्ह): दाराची चौकट आणि प्लास्टर यांच्यामधली फट. रुंदी साधारण २ ते ३ इंच.

स्कर्टिंग: भिंत आणि जमीन. आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये ३ ते ४ इंच उंचीचं टाइलचं असतं. लाकडी किंवा लॅमिनेट जमीन केली की एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला फळा), पीव्हीसी किंवा लाकडाचं येतं.

क्वार्टर राउंड: पाव गोल पट्टी. स्कर्टिंगच्या पायाशी उरलेली फट झाकते.

टी-प्रोफाइल आणि रिड्यूसर: दोन खोल्यांच्या जमिनी दारात जिथे भेटतात तिथे. पातळी सारखी असेल तर टी-प्रोफाइल, उंचसखल असेल तर रिड्यूसर.

चेअर रेल आणि पॅनेल मोल्डिंग: भिंतीवरची आडवी पट्टी आणि चौकोनी फ्रेम. सांधा न झाकणारा हा एकच प्रकार निव्वळ शोभेचा आहे, म्हणून पैसे कमी पडले तर आधी हाच वगळा.

बीडिंग: काच जागेवर धरणारी किंवा प्लायची कड झाकणारी बारीक पट्टी. ती फर्निचरच्या कामात मोडते, या लेखात नाही.

> बोलताना घोळ होतो तो इथे: ग्रॅनाइटवाला ‘मोल्डिंग’ म्हणतो तेव्हा त्याला दगडाची कड गोल करून घासणं म्हणायचं असतं, आणि त्याचे पैसे तो रनिंग फुटावर वेगळे लावतो. ओटा आणि खिडकीच्या पट्टीचा दर विचारताना मोल्डिंग धरून की सोडून, हे आधीच लिहून घ्या.

## २. पट्टी विकत घ्यायच्या आधी भिंत तपासा

ओल. पावसाळा संपल्या संपल्या, दिवाळीच्या रंगाबरोबर पट्ट्या लावून घ्यायची घाई सगळीकडे असते, आणि भिंत सर्वांत ओली असते ती नेमकी तेव्हाच. साधारण दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीच्या खालच्या भागाला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि २४ ते ४८ तास ठेवा. आतून दव धरलं किंवा भिंतीचा तेवढा भाग काळसर झाला तर लाकूड किंवा एमडीएफ लावू नका. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ही तपासणी कधीच टाळू नका.

ओळंबा आणि सरळपणा. ६ फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी भिंतीला लावा. मधे ३ मिमीपर्यंत फट असेल तर सीलंट (फट भरायची लवचीक पेस्ट) ती झाकून घेईल. त्याहून जास्त असेल तर आधी पुट्टीने भिंत सरळ करा. वाकड्या भिंतीवर सरळ पट्टी लावली की वाकडेपणा उलट नजरेत भरतो.

चौकट आणि प्लास्टर एका पातळीत आहेत का? छोटी सरळ पट्टी चौकटीवरून प्लास्टरवर आडवी धरा, दाराच्या दोन्ही उभ्या बाजूंना वर, मधे, खाली. प्लास्टर पुढे आलेलं असेल तिथे पेन्सिलने खूण करा. टप्पा ६ मध्ये ही खूण लागेल.

## ३. साहित्य: जागा बघून ठरवा

एमडीएफ सरळ येतं, रंग छान घेतं, पण त्याची उघडी कड पाणी शोषते आणि एकदा फुगलं की परत बसत नाही. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाणाऱ्या घरात खालची कड उघडी ठेवलेलं एमडीएफ स्कर्टिंग फार दिवस टिकत नाही. बाथरूमच्या दारात आणि सिंकजवळ टाइल, दगड किंवा पीव्हीसीच वापरा.

सागवान महाग, पण पॉलिश ठेवायचं असेल तर त्याला तोड नाही. पट्टी निवडताना फिकट, पिवळसर कडेचा भाग नको. वाळवी आणि भुंगा आधी तिथेच लागतो. रंगच मारायचा असेल तर सागवानाचे पैसे वाया जातात. स्टीम बीच किंवा पाइन पुरतं.

पीव्हीसी पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेने लांब होतं. ३ मीटरची पट्टी तापमानात २० अंशांचा फरक पडला की ३ ते ४ मिमी वाढू शकते. पश्चिमेच्या खिडकीखाली दोन भिंतींत गच्च बसवलेली पीव्हीसी पट्टी मे महिन्यात मधोमध फुगते ती यामुळेच. दोन्ही टोकांना २ मिमी जागा सोडा.

> धोका: थर्माकोलच्या कॉर्निसला सॉल्व्हेंटचा गोंद किंवा स्प्रे पेंट लावला तर थर्माकोल विरघळतो. डब्यावर पाण्यात मिसळणारा, थर्माकोलला चालणारा असं स्पष्ट लिहिलेलाच गोंद घ्या.

लाकूड आणि एमडीएफच्या पट्ट्या ज्या खोलीत लावायच्या तिथेच, आडव्या, खाली दोन-तीन टेकू देऊन ४८ ते ७२ तास ठेवा. बाल्कनीत नको, जिन्यात नको, भिंतीला उभ्या टेकवूनही नको, वाकतात.

## ४. मोजमाप आणि कटिंग लिस्ट

खोलीचा घेर काढायचा, दार वजा करायचं, दहा टक्के वाढवायचे, हा हिशेब खरेदीपुरता ठीक आहे. कापायला त्याचा उपयोग नाही. एक उदाहरण बारकाईने बघू.

खोली १२ × १० फूट. दार १२ फुटी भिंतीत, आर्किट्रेव्हच्या बाहेरच्या कडांपासून मोजलं तर ३ फूट ४ इंच. स्कर्टिंग लागणार ४० फूट ८ इंच. पट्टी येते ८ फुटी. पाच पट्ट्या म्हणजे ४० फूट. थोडक्यासाठी सहावी कशाला, असं वाटतं. आता भिंतीप्रमाणे मांडा:

- दारासमोरची भिंत: ८ + ४
- दोन्ही १० फुटी भिंती: ८ + २ आणि ८ + २
- दाराची भिंत: ७ फूट ८ इंच आणि १ फूट

४ + २ + २ हे तुकडे एकाच ८ फुटी पट्टीतून निघतील असं कागदावर दिसतं. निघत नाहीत. १२ मिमी जाडीच्या पट्टीला ४५ अंशांचा तिरका जोड दिला की प्रत्येक जोड सुमारे १२ मिमी खातो, वर करवतीचं पातं ३ मिमी. तीन तुकड्यांचे ४५ मिमी झाले, म्हणजे पावणेदोन इंच कमी. शेवटचा तुकडा हमखास आखूड पडतो. शिवाय दाराशेजारचा १ फुटाचा तुकडा अजून कापायचा बाकीच असतो. सहाव्या पट्टीशिवाय गत्यंतर नाही, आणि सहावी घेतली की सगळं आरामात बसतं.

> तपासा: प्रत्येक भिंतीला क्रमांक द्या आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे भिंतीचा क्रमांक, लांबी आणि वरची बाजू लिहा. भिंत जमिनीजवळ मोजा, कंबरेच्या उंचीला नाही. दोन्ही मापांत सहज एक-दोन सूत फरक निघतो (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी).

जाडीचाही हिशेब इथेच करा. स्कर्टिंग येऊन आर्किट्रेव्हच्या कडेला टेकतं. आर्किट्रेव्ह १२ मिमी आणि स्कर्टिंग १५ मिमी घेतलं तर स्कर्टिंगचं टोक ३ मिमी बाहेर डोकावत राहतं, आणि त्यावर नंतर काही उपाय नसतो. चौकटीची पट्टी स्कर्टिंगइतकी किंवा त्याहून जाड हवी.

## ५. कापण्याआधी प्राइमर

पट्टीची मागची बाजू आणि खालची कड यांना प्राइमरचा हात सगळे विसरतात. पुढून रंग आणि मागून कोरडी राहिलेली पट्टी मागून ओल ओढते आणि वाडग्यासारखी वाकते. चारही बाजूंना एक हात, एमडीएफच्या खालच्या कडेला दोन. पुढच्या बाजूला रंगाचा पहिला हातही आताच द्या. कापल्यावर उघडी पडलेली टोकं बसवण्याआधी पुन्हा प्राइमरने बंद करायची.

बसवायचा क्रम: कॉर्निस, मग चौकटीच्या पट्ट्या, मग स्कर्टिंग, शेवटी भिंतीवरच्या फ्रेम. वरून खाली काम आलं की पीओपीचा राडा तयार स्कर्टिंगवर पडत नाही. स्कर्टिंगला टेकायला आर्किट्रेव्ह लागतं, म्हणून ते आधी. भिंतीत पक्की कपाटं असतील तर तीही स्कर्टिंगच्या आधी.

## ६. कॉर्निस आणि चौकट

कॉर्निसच्या खालच्या कडेची रेघ पाण्याच्या नळीने किंवा लेझरने चारही भिंतींवर आधी मारा. स्लॅब समपातळीत असेलच असं नाही, म्हणून छताकडे बघून मोजू नका. पडद्याचा रॉड किंवा पेल्मेट (रॉड झाकणारी पेटी) आणि एसीचा पाइप कॉर्निसच्या मार्गात येतो का, ते याच वेळी बघा.

कॉर्निस करवतीच्या पेटीत उलटी ठेवून कापतात: छताला लागणारी बाजू खाली तळावर, भिंतीला लागणारी बाजू उभ्या पाठीला. सरळ ठेवून कापली की कोपरा जुळत नाही, आणि पहिले दोन तुकडे अशाच चुकीत जातात. मशीनवर आडवी ठेवून कापायची असेल तर ९० अंशांच्या कोपऱ्यासाठी भिंतीशी ४५ अंशांत कललेल्या कॉर्निसला मायटर (मशीनचा आडवा कोन) ३५.३ आणि पात्याचा कल ३० अंश. ३८ अंशांच्या कॉर्निसला ३१.६ आणि ३३.९. दोन तुकड्यांवर आधी करून बघा.

आता चौकट. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश.

1. चौकटीच्या आतल्या कडेपासून २ सूत अंतर सोडून गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) तिन्ही बाजूंना पेन्सिलची रेघ मारा. पट्टीची आतली कड या रेघेवर येईल. हे अंतर बिजागरीच्या नळीला जागा देतं. पट्टी कडेला लावून बसवली की दार पूर्ण उघडताना बिजागरी अडते, शिवाय चौकट जराशी वाकडी असेल तर लगेच दिसते.

2. टप्पा २ मधल्या खुणा बघा. प्लास्टर चौकटीच्या पुढे असेल तर पट्टीखाली झाकला जाणारा भाग पटाशीने हलकेच खरवडून खाली घ्या. हे न करता पट्टी ठोकली की ती तिरपी बसते आणि वरचा ४५ चा जोड पुढून उघडतो. मग लोक कापाचा कोन बदलत बसतात. दोष कोनात नसतोच. चौकट पुढे आणि प्लास्टर मागे असेल तर पट्टीच्या बाहेरच्या कडेमागे पातळ पॅकिंग.

3. डावी उभी पट्टी, मग वरची, मग उजवी. उभी पट्टी जमिनीपासून रेघांच्या कोपऱ्यापर्यंत मोजा; हे माप पट्टीच्या आखूड कडेचं असतं. खाली २ मिमी फट सोडा आणि नंतर सीलंटने भरा. फरशी पुसताना पाणी वर चढतं ते याच टोकातून.

4. आतली कड चौकटीत १ इंची चुकांनी (बारीक खिळ्यांनी) पक्की करा, दर १२ ते १४ इंचांवर एक. जोडाला लाकडाचा पांढरा गोंद. बाहेरची कड भिंतीला ठोकू नका. तिथे फक्त रंग घेणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटची रेघ. चौकट फुगली-आकसली तर पट्टी तिच्याबरोबर सरकेल आणि सीलंट ताणलं जाईल.

> तपासा: उजवी पट्टी कायमची ठोकण्याआधी दार पूर्ण उघडून-मिटून बघा.

## ७. स्कर्टिंग

सुरुवात दारासमोरच्या भिंतीपासून. ती पट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ जाऊ द्या. शेजारच्या भिंतींच्या पट्ट्या येऊन तिला टेकतील. दारातून बघताना जोडाची फट नजरेआड राहते.

आतले कोपरे. नक्षीच्या स्कर्टिंगला आतल्या कोपऱ्यात दोन्हीकडून ४५ चा कट देण्याची सवय सोडा. प्लास्टरचा कोपरा काटकोनात क्वचितच असतो, आणि लाकूड आकसलं की तो जोड सर्वांत आधी उघडतो. दुसऱ्या पट्टीला आधी ४५ चा कट द्या, उघड्या पडलेल्या नक्षीच्या रेघेवर पेन्सिल फिरवा आणि बारीक पात्याच्या करवतीने त्याच रेघेवरून कापा. करवत ५ ते १० अंश मागे कललेली हवी, म्हणजे पुढची कड तेवढी टेकेल. कानस आणि पॉलिश पेपरने साफ करा. स्कर्टिंग साध्या चौकोनी कडेचं असेल तर एवढं करायची गरज नाही. दुसरी पट्टी काटकोनात कापून टेकवली की झालं.

बाहेरचे कोपरे. इथे मात्र ४५ चे कट. आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर बघा. जोड पुढून उघडा दिसला तर करवतीचा कोन अर्ध्या-एक अंशाने वाढवा, भिंतीकडून उघडा असेल तर कमी करा.

पक्कं कशात करायचं. विटांच्या भिंतीत नुसता खिळा प्लास्टर फोडतो, पकड घेत नाही. ६ मिमीचं भोक, प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू. १२ मिमी पट्टी, १२ ते १५ मिमी प्लास्टर आणि विटेत किमान २५ मिमी पकड असा हिशेब लावला की स्क्रू ५० मिमीचा निघतो. २५ मिमीचा स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये लटकतो. दर दोन फुटांवर एक, आणि टोकापासून ३ इंचांच्या आत नाही, नाहीतर पट्टी चिरते. हलक्या सिमेंटच्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि लांब नायलॉन प्लग घ्या.

> धोका: प्लगपॉइंटच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या सामाईक भिंतीत ड्रिल मारण्याआधी वायर आणि पाइप कुठून गेलेत ते शोधा. खात्री नसेल तिथे स्क्रू नको, गोंद लावा.

लॅमिनेट जमीन असेल तर भिंतीलगत ८ ते १० मिमी मोकळी जागा असते. स्कर्टिंग ती झाकतं, बुजवत नाही. स्कर्टिंग भिंतीला पक्कं, क्वार्टर राउंड स्कर्टिंगला पक्का. जमिनीत एकही खिळा जाता कामा नये. दारातल्या टी-प्रोफाइलचा तळही फटीतल्या मूळ फरशीला स्क्रू होतो, लॅमिनेटला नाही. जमीन जखडली की पावसाळ्यात ती खोलीच्या मधोमध उचलते.

जुन्या टाइल स्कर्टिंगवर एमडीएफ चिकटवायची हौस असेल तर मागे खाच असलेली, टाइलला वरून झाकणारी पट्टी घ्या. साधी पट्टी चिकटवली की वर धूळ धरणारी पायरी तयार होते. आणि नव्या घरात टाइलचं स्कर्टिंगच करणार असाल तर गवंड्याला प्लास्टर खाली ४ इंच सोडून थांबवायला सांगा. पूर्ण प्लास्टरवर टाइल लावली की ती बाहेर येते आणि कपाट भिंतीला टेकत नाही.

## ८. भिंतीवरच्या फ्रेम

आधी कागदी चिकटपट्टीने भिंतीवर आखून घ्या. चेअर रेल साधारण ३२ ते ३६ इंचांवर, फ्रेममधलं अंतर ३ ते ४ इंच. फ्रेमची रेघ स्विचबोर्डच्या मधून गेली की सगळी भिंत चुकल्यासारखी दिसते. बोर्ड पूर्ण आत घ्या किंवा पूर्ण बाहेर ठेवा.

## ९. भरणं आणि शेवटचा रंग

चुकांची डोकी पंचने २ मिमी आत घालवा, वुड फिलर भरा, वाळल्यावर १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. पट्टी आणि भिंत यांच्यातल्या फटीत ॲक्रिलिक सीलंट, ओल्या बोटाने दाबून. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा लागलं की पूर्ण निघतही नाही. सागवानाला पॉलिश असेल तर फिलर रंग जुळवून घ्या, आणि सीलंट पट्टीवर अजिबात येऊ देऊ नका.

सीलंट वाळल्यावर भिंतीचा शेवटचा हात, मग पट्टीचा. उलटं केलं तर भिंतीच्या रोलरचे शिंतोडे तयार पट्टीवर बसतात.

काम झालं की प्रत्येक प्रकारची एक-दोन फूट पट्टी आणि थोडा रंग माळ्यावर ठेवून द्या. पट्टी आडवी ठेवा, आणि मागे आकाराचा क्रमांक लिहा. साचे बदलतात, आणि दोन वर्षांनी तोच आकार मिळेल याची खात्री नसते.